अर्धशिशीनंतरचा पहिला रविवार

तीन दिवस मी अंधाऱ्या खोलीत पडून होते आणि चौथ्या दिवशी पळायला गेले. आज हे लिहिताना माझाच मला राग येतो, पण त्या सकाळी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी आचोळ्यात राहते, जवळच्याच एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. एक्केचाळिसाव्या वर्षी साखर काठावर आली म्हणून चालायला लागले, चालता चालता पळायला लागले. सुरुवातीला बिल्डिंगला दोन फेऱ्या मारल्या तरी धाप लागायची. चार वर्षांत दहा किलोमीटरपर्यंत पोचले होते. दर रविवारी स्कूटर घेऊन वसईच्या किल्ल्यापाशी जायचं, ती तिथे लावायची आणि पाचूबंदरच्या दिशेने पळत सुटायचं. महिन्यावर एक शर्यत आली होती. त्यात पहिल्यांदाच एकवीस किलोमीटर पळायचं ठरवलं होतं.

डोकेदुखी मला कॉलेजपासूनची. आई तिला अर्धशिशी म्हणायची, डॉक्टर मायग्रेन म्हणतात. वर्षातून दोन-तीनदा यायची, एक दिवस छळून जायची. त्या बुधवारी मात्र ती वेगळ्याच वाटेने आली. संध्याकाळी तुळिंजच्या बाजारात मेथीची जुडी घ्यायला वाकले आणि वर बघितलं, तर भाजीवालीचा डावा गाल नव्हता. त्या जागी काहीतरी लकलकत होतं, करवतीच्या दात्यांसारख्या कडा असलेलं. मी एक डोळा मिटला, मग दुसरा. गाल काही दिसेना. समोरच्या दुकानाच्या पाटीवर ‘मेडिकल’ लिहिलेलं मला रोजचं पाठ होतं. त्यातलं नुसतं ‘मेडि’ दिसत होतं.

“ताई, काय झालं? बसता का जरा?” भाजीवालीने विचारलं.

मी न बसता भिंतीच्या आधाराने घरी आले. अर्ध्या तासात डोळे साफ झाले आणि डोकं सुरू झालं. मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पडदे ओढलेले, उशाशी बादली. कुकरची शिट्टीसुद्धा सहन होईना, म्हणून नवऱ्याने तीन दिवस बाहेरून पोळीभाजी आणली.

शनिवारी दुपारी दुखणं थांबलं. रात्री मी पळायचे कपडे खुर्चीवर काढून ठेवले. नवऱ्याने ते बघितले.

“उद्या नको जाऊस.”

“अहो, डोकं थांबलंय आता.”

“थांबलंय ना? मग त्याला थोडं थांबू दे की.”

मी हसले. हसायला येतंय म्हणजे बरी झाले, असा अर्थ मी लावला. सकाळी अर्धा कप चहा घेतला, खायची वासना नव्हती. मान जड होती, जांभया येत होत्या. तीन दिवस झोपून असंच होणार, असं म्हणून निघाले.

पहिला किलोमीटर छान गेला. तीन दिवसांचं बुडालेलं भरून काढायचं म्हणून मी वेग नेहमीपेक्षा वाढवला. दुसऱ्या किलोमीटरला घरांच्या फटीतून ऊन डोळ्यांवर यायला लागलं आणि त्या उन्हाची चमक मी पुढे गेले तरी डोळ्यांतून जाईना. करवतीचे दाते पुन्हा दिसले. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, त्या कोपरापर्यंत चढल्या, मग ओठांत आल्या. एका घराच्या बुटक्या कठड्यावर मी बसले. खिशातून फोन काढला. फोन उघडायला चार आकडे लागतात. ते आठवले नाहीत, एवढंच असतं तरी चाललं असतं. पण पडद्यावरची ती चिन्हं म्हणजे आकडे आहेत, हेच मला कळेना.

मी घाबरले असंही म्हणता येणार नाही. घाबरायलाही आतून कुणीतरी बोलावं लागतं, “अगं, हे काय होतंय?” असं. माझ्या डोक्यात तेही वाक्य जुळत नव्हतं.

समोरून एक कोळीण आली, साठीच्या आसपासची, डोक्यावर टोपली. मी हात हलवला. मला बरं वाटत नाहीये, घरी फोन लावून द्या, असं मी तिला सांगितलं. निदान मी तसं सांगितलं अशी माझी समजूत होती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मधलं काही आठवत नाही; मग ती टोपली उतरवून माझ्याजवळ बसलेली होती.

“पानी पायजे? थांब.”

तिने मागच्या घरातून पाणी आणवलं, माझ्या तोंडाला लावलं. मग फोन माझ्या हातातून घेतला, माझा अंगठा धरून त्यावर दाबला. फोन उघडला. अंगठ्याने उघडतो हे मी विसरले होते.

“घरचं कोन? बोटान दाव.”

तिने समोर धरलेल्या यादीतली नावं वाचता येत नव्हती, पण नवऱ्याचा फोटो ओळखू आला. मी त्यावर बोट ठेवलं.

तो रिक्षाने येईपर्यंत ती माझा हात धरून बसली होती. दवाखान्याच्या वाटेवर माझी वाचा परत आली. पहिलं वाक्य मी बोलले ते, “स्कूटर किल्ल्यापाशी आहे.” आणि ते बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. हे सगळं वीस मिनिटं आधी झालं असतं, तर मी त्या स्कूटरवर असते.

दवाखान्यात पळापळ झाली. कुणीतरी ‘स्ट्रोक’ म्हणालेलं मी ऐकलं. नवऱ्याने कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून दोन्ही हातांत तोंड लपवलेलं मी स्ट्रेचरवरून बघितलं. बावीस वर्षांच्या संसारात त्याला असं कधी बघितलं नव्हतं. सगळ्या तपासण्या झाल्या. मेंदूत गाठ नव्हती, गुठळी नव्हती. मायग्रेनच होता.

डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मायग्रेन संपला हे कुणी ठरवलं?”

“दुखायचं थांबलं होतं.”

“दुखणं हा त्याचा मधला भाग झाला. मागे शेपूट राहतं, एखादा दिवस, कधी दोन. मान जड होती? जांभया येत होत्या? भूक नव्हती?”

मी प्रत्येक प्रश्नाला मान हलवली. मला सगळं कळत होतं आणि मी त्याला आळस म्हटलं होतं.

“उपाशीपोटी, कमी पाण्यावर, तीन दिवस झोपून उठल्यावर तुम्ही नेहमीपेक्षा जोरात पळलात,” ती म्हणाली. “व्यायाम तुमचा शत्रू नाही. पण त्याच्याकडे परत जाताना दार ठोठावून जायचं, लाथ मारून नाही. आणि असं बोलणं गेलं, हात बधिर झाला, तर मायग्रेनच असेल असं घरी ठरवायचं नाही. तडक यायचं.”

शर्यत गेली. तीन आठवड्यांनी चालायची परवानगी मिळाली, तीही दहा मिनिटं, खाऊनपिऊन, सोबत कुणी असेल तर. मला वाटलं होतं, मी ते दहा मिनिटांचं चालणं हसण्यावारी नेईन. प्रत्यक्षात बिल्डिंगच्या आवारात एका गाडीच्या काचेवर ऊन चमकलं आणि मी पाण्याचा पाइप दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. ज्या शरीराच्या जिवावर चार वर्षं मी पहाटे एकटी बाहेर पडत होते, त्याचा मला आता भरवसा वाटत नव्हता.

“नंबर वाच,” नवरा म्हणाला.

“कसला?”

“गाडीचा. पहिल्या अक्षरापासून.”

मी वाचला. मग पुढच्या गाडीचा, मग तिच्या पुढचीचा. रांगेतल्या सगळ्या गाड्यांचे नंबर वाचत आम्ही दहा मिनिटं पुरी केली. पुढचे कितीतरी दिवस आमचा व्यायाम असाच चालला होता.

दीड महिन्याने एका सकाळी आम्ही दोघं त्या कोळणीला भेटायला गेलो. ती घरासमोर सुके बोंबील निवडत बसली होती. मी मिठाईचा पुडा पुढे केला. तिने मला लगेच ओळखलं आणि हसत सुटली.

“चमचा!”

मला कळलं नाही.

“तू सारखी चमचा चमचा करत होतीस. मी विचारलं, काय झालं गो, तर बोलते चमचा. घर कुठं, तर चमचा.”

नवराही हसला. मला ती वाक्यं अजून पाठ होती. मला बरं वाटत नाहीये, घरी फोन लावून द्या. मी ती बोलले होते, अगदी स्पष्ट. आणि बाहेर त्यातलं काहीच पोचलं नव्हतं.

“तुम्ही होतात म्हणून वाचले,” मी म्हणाले.

ती बोंबील चाळता चाळता थांबली. “खोटं कशाला बोलू? पयली मी पुढं निघून गेलती. वाटलं, बाई प्यालेली हाय. मग ध्यानात आलं, पायात चांगले बूट हायत. म्हनून परत आले.”

“आणि बूट नसते तर?” मी विचारलं.

तिने मला चहा विचारला.

त्या दिवशी मी किल्ल्याच्या बाजूला पाच मिनिटं पळाले, अगदी सावकाश, नवरा मागून स्कूटर हळू चालवत होता. आता मी पुन्हा आठवड्यातून तीनदा पळते. मध्ये दोनदा डोकं उठलं. दोन्ही वेळा चार-चार दिवस घरी बसले आणि नंतर चालण्यापासून सुरुवात केली.

पण त्या दिवशी परतीच्या वाटेवर, स्कूटरवर मागे बसले असताना मला एक माणूस आठवला. गेल्या वर्षी आमच्या नाक्यावर फुटपाथवर बसला होता, अनवाणी, हात हलवत काहीतरी एकच एक बडबडत. मी पदर नाकाला लावून, त्याला वळसा घालून बस पकडली होती.

मी नवऱ्याला ते सांगितलं.

“प्यालेलाच असेल गं तो,” तो म्हणाला.

“असेल,” मी म्हणाले. आमच्या नाक्यावर स्कूटर आली तेव्हा मी त्या फुटपाथकडे वळून बघितलं.