जमणी बॅटरी

एखादी गोष्ट ‘अशीच असते’ म्हणून सांगितलेलं हिरीला कधी पटलंच नाही. सायवनजवळच्या एका पाड्यावर ती राहते आणि जुनी पेट्रोलची गाडी स्वतः चालवत भाजीवाल्या बायकांना तलासरीच्या बाजाराला नेते-आणते. गाडी शिकली तीही या चौकसपणापायीच. गिअरचा दांडा आत नेमकं काय करतो, हे तिने नवऱ्याला, लाहूला, इतक्यांदा विचारलं की त्याने कंटाळून तिलाच सीटवर बसवलं.

गाडी पाड्यापर्यंत चढत नाही, खाली रस्त्याकडेला उभी करावी लागते. तिथून रात्री बॅटऱ्या चोरीला जातात. म्हणून रोज संध्याकाळी बॅटरी काढायची, टेकाड चढून घरी आणायची आणि सकाळी पुन्हा खाली नेऊन बसवायची. हे हिरीने वर्षानुवर्षं केलं. यंदा उन्हाळ्यात तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आता भरला हंडा उचलायचा नाही, फार तर कळशी. बॅटरी तर हंड्याहून जड.

तेव्हापासून लाहूच ती वाहत होता. पण नारळी पौर्णिमा झाली की तो मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो, तो थेट उन्हाळ्यात परततो. मागे बॅटरी कोण वाहणार, म्हणून त्याने परस्पर गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं. गाडी गेली की हिरीने पुन्हा दुसऱ्याच्या वाडीत चिकू वेचायला जायचं, आणि तिथे ऊठसूट ‘का?’ विचारणाऱ्या बाईला कोण उभं करतंय?

त्यातच जुन्या बॅटरीने मान टाकली. नवी घ्यायचीच आहे, तर हिरीच्या डोक्यात किडा वळवळला: ती एवढी मोठी कशाला? लाहू म्हणाला, गाडीला लागते तेवढी. सायवनचा गॅरेजवाला लक्ष्या म्हणाला, लहान घेशील तर भर रस्त्यात धक्के मारत बसशील. कशावरून, ते दोघांनाही सांगता येईना. तेव्हा लक्ष्याकडून धक्का मारून घेऊन ती सरळ तलासरीला भावेशच्या दुकानात गेली.

भावेश उंबरगावकडचा. एरवी मराठी बोलतो, घाईत असला की गुजराती. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरी पाहिली आणि ही गाडी आधी कुणाची होती असं विचारलं. लग्नात स्पीकर लावणाऱ्या एकाची, हिरी म्हणाली. मग भावेशने समजावलं की बॅटरीने इंजिनाला सुरुवातीचा रेटा दिला की तिचं मुख्य काम झालं, पुढे इंजिनच तिला चार्ज करतं. हे धूड त्या स्पीकरसाठी बसवलेलं होतं. म्हणजे इतकी वर्षं हिरी दुसऱ्यांच्या हळदीतली गाणी टेकाडावर वाहत होती! तिला हसू आवरेना.

त्याने लहान बॅटरी पुढे ठेवली. हिरीने ती कळशीसारखी कमरेवर घेतली, दुकानात एक फेरी मारली. वजन बरोबर. तेवढ्यात भावेशला घरून जेवायला बोलावणारा फोन आला आणि फोन कानाला लावूनच त्याने तिला विचारलं, “जमणी चालशे ने?”

“जमणी म्हणजे काय, जमलीच,” हिरी म्हणाली.

बसवायचं रोजचंच काम, ते ती स्वतः करणार होती. भावेशने जुनी काढून घेतली, शटर ओढलं आणि तो गेला. हिरीने नवी ट्रेमध्ये ठेवली, तर लाल वायर ताणूनही पोचेना. अधिकचं टोक भलत्याच बाजूला. तिने भावेशला फोन लावला.

“बेन, जमणी म्हणजे उजवी, अधिकचं टोक उजवीकडे असलेली. मी विचारलं, तुम्ही हो म्हणालात.” तो खाता खाता म्हणाला, “डावीत एवढी लहान येत नाही माझ्याकडे. मोठीच घ्यावी लागेल.”

हिरीने फोन ठेवला. तिला रडू यायला झालं होतं. पण तशातही तिची नजर ट्रेवर गेली. जुनी बॅटरी त्यात भिंतीला भिंत लागून बसायची, ही लहान, हिच्या भोवती तळहात जाईल एवढी मोकळी जागा. मग हिला उलटं तोंड करून बसवलं तर? तिने बॅटरी फिरवली. अधिकचं टोक डावीकडे आलं. बॅटरी आत सरकवली, तशी लाल वायर पोचली आणि काळीही. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. भावेश आला तेव्हा ती गाडी बंदचालू करून बघत होती. त्याने वायरी तपासल्या, मोकळ्या जागेत रबर ठोकून बॅटरी आवळून दिली आणि चालेल म्हणाला.

संध्याकाळी ती बॅटरी कमरेवर घेऊन टेकाड चढली. लाहू लगबगीने खाली आला, हात पुढे केले. तिने दिली नाही. तो तिच्या मागोमाग चालत राहिला.

“मग त्या गिऱ्हाईकाला काय सांगू?” अंगणात आल्यावर त्याने विचारलं.

“सांग, गाडी रिकामी नाय.”