घड्याळ माझ्याकडे होतं

ग्राउंडच्या कडेला रोज खुर्ची टाकून बसणाऱ्याकडे किस्से जमतातच. आमच्या अमेरिकेतल्या नेपरव्हिलला पार्किंगच्या कोपऱ्यात बर्फ ढकलून ठेवतात ना, तसे. एप्रिल आला तरी ढीग काही वितळत नाही! माझ्याकडचा ढीग बहुतेक एकाच माणसाचा, वाउटर कोचचा. माझी नात इरा त्याच्या फुटबॉल टीममध्ये, म्हणून मी तिथे. माझी शाळा चौथीत सुटली आणि त्याला मराठी येत नाही. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, बाकीचं हातांनी.

वाउटर हॉलंडचा. तिकडे मोठ्या क्लबात डिफेन्सला खेळायचा. मग गुडघा गेला, आणि फिरत फिरत तो इथल्या मुलींच्या टीमचा कोच झाला.

पहिल्याच दिवशी कुलकर्णी लाइनवरून ओरडत होते, "सानिका, लेफ्ट! अगं पळ!" हे सानिकाचे बाबा, शिवाय क्लबच्या कमिटीतले. वाउटर शांतपणे त्यांच्याजवळ गेला.

"तुमची मुलगी चांगली आहे. तुम्ही पार्किंगमध्ये उभे राहा."

कुलकर्णी हसले. इरा माझ्या कानात म्हणाली, "आजोबा, ही इज नॉट जोकिंग."

*

त्याचा एकच नियम. टीममधल्या प्रत्येक मुलीला सारखा वेळ. चांगली असो, कच्ची असो.

गावाकडे मी तीस वर्षं रेल्वेचं फाटक उघडलं-मिटलं, हे इराने त्याला कधीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने त्याचं घड्याळ माझ्या हातात ठेवलं.

"काका, इथे सगळे बॉल बघतात. मला घड्याळ बघणारा माणूस हवाय."

तेव्हापासून माझं काम ठरलं. जिची वेळ भरली तिचं नाव सांगायचं आणि लाल रुमाल वर करायचा. बॉल बाहेर गेला की ती मुलगी बाहेर. रुमाल वर गेला की आई-बाप माझ्याकडे असे बघायचे, जसे फाटकाशी अडकलेले मोटारवाले बघतात! मला सवय होती.

*

एकदा आम्हाला पेनल्टी मिळाली. सगळे पुढे सरकले आणि वाउटरने पाठ फिरवली. माझ्याकडे तोंड करून उभा राहिला.

नंतर कॉफी पिताना सांगितलं त्याने. हॉलंडमधल्या शेवटच्या मॅचमध्ये पेनल्टी त्याने घेतली होती. बॉल वरून गेला, आणि त्याचा क्लब खालच्या डिव्हिजनला.

"तेव्हापासून बघितली नाहीस?"

"एकही नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं."

*

या स्प्रिंगमध्ये आम्ही लागोपाठ हरलो. कमिटीने त्याला बोलावून सांगितलं, शेवटची मॅच जिंकली नाही तर आपण खालच्या डिव्हिजनला, आणि तुझा काँट्रॅक्ट संपला. काँट्रॅक्ट संपला की व्हिसा संपला. त्याच्या बायकोने नुकतीच मागच्या अंगणात गाजरं पेरली होती.

मॅचच्या दिवशी सकाळी कुलकर्णी आले. आवाज खाली, पण चेहरा लाल.

"कोच, आज नियम बाजूला ठेवा. बेस्ट अकरा शेवटपर्यंत खेळवा. माझ्या सानिकालासुद्धा बाहेर बसवा, मला चालेल."

वाउटर म्हणाला, "ठीक आहे. तिला तुम्ही सांगा."

सानिका चार पावलांवर बुटाची नाडी बांधत होती. कुलकर्णींनी फोन काढला आणि बराच वेळ त्यात बघत राहिले.

वाउटरने नेहमीसारखं घड्याळ माझ्या हातात दिलं. पट्टा घामाने ओला होता.

*

शेवटची दहा मिनिटं. एक-एक. आमचा गोल इराचा. आज पोरीच्या पायात काहीतरी शिरलं होतं, बॉल तिला सोडतच नव्हता. आणि घड्याळात तिची वेळ भरली. तिच्या जागी जायचं होतं सानिकाला.

वाउटर माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दामच बघत नसावा.

"काका," कुलकर्णी माझ्या खुर्चीमागून म्हणाले, "आज घड्याळ बंद पडू द्या की!"

फाटकावर मी साहेबांची जीपसुद्धा थांबवली होती. पण तेव्हा जीपमध्ये माझी नात नव्हती. रुमाल एवढा जड कधी लागला नव्हता. वर केला.

"इरा," मी म्हणालो.

वाउटरने मान हलवली. इरा बाहेर आली, माझ्यासमोरून गेली. "आजोबा! सिरियसली?" डोळ्यांत पाणी.

सानिका आत गेली. तीनदा बॉल हुकला. चौथ्यांदा तो घेऊन सरळ गोलकडे पळाली आणि समोरच्या मुलीने तिला पाडलं. पेनल्टी!

वाउटरने लाइनवरून विचारलं, "कोण घेणार?"

मग सानिकाने गुडघ्याचं गवत झटकलं आणि हात वर केला. कुलकर्णी आपण होऊन पार्किंगकडे चालायला लागले.

वाउटरने पाठ फिरवली. आता आम्ही समोरासमोर. त्याचे डोळे माझ्या चेहऱ्यावर.

शिट्टी झाली.

मग एकदम ओरडा! अख्खी टीम धावत आली, सगळ्यांत पुढे इरा. तिने वाउटरला मागून मिठी मारली, त्याचा गुडघा दुमडला, आणि पोरींच्या ढिगाखाली तो दिसेनासा झाला. खालून फक्त एक हात आणि आवाज.

"काका! तुमच्या चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही! आत कसा गेला? उजवीकडून की डावीकडून?"

"मला काय विचारतोस?" मी म्हणालो. "मी घड्याळ बघत होतो."