बावीस माड

पायवाल्या बाई समोरच्याचं तोंड सगळ्यात शेवटी बघत. अंगणात शिरल्या की नजर खाली. ओट्यावर बसलेल्यांचे पाय बघत बघत पायऱ्या चढत, आणि मग मान वर करून विचारत, "कसे आहात?" तोवर कोण कसं आहे ते त्यांना कळलेलं असे. माझ्या धाकट्या जावेला एकदा वसईच्या बाजारात त्यांनी ओळख दिली नाही, तर ही दोन दिवस फुगून बसली. मी म्हटलं, "अगं, लग्नाला जायचं म्हणून तू बंद चपला घातल्या होत्यास. ओळखणार कशा त्या तुला?"

त्यांना नाव होतं, शिक्षणही मोठं होतं. अंगातल्या रक्ताच्या नळ्यांची ऑपरेशनं करणाऱ्या त्या डॉक्टर. नोकरी मुंबईच्या इस्पितळात, मूळच्या देशावरच्या, राहायला एव्हरशाईन सिटीत. पण आमच्या गिरीजपासून मिठागरांपर्यंत सगळे त्यांना पायवाल्या बाईच म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यांना राग येत नसे. "बरोबरच आहे," म्हणत, "वरचा माणूस बघायला बाकीचे डॉक्टर आहेत."

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. बाई आमच्या घरी आल्या त्या माझ्या चुकीमुळे. आमच्या ह्यांना साखर होती, वर तीस वर्षांची बिडी. चालताना डावी पोटरी धरायची, पाय गार पडायचा. गार पायाला शेक द्यायचा, एवढं मला कळत होतं. चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि पायाला लावून ठेवली. हे आरामात पाय पसरून बसले. दुसऱ्या दिवशी हा मोठा फोड. पंधरा दिवसांत करंगळी काळी. वसईतल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, पण रविवारी इथे एक बाई येतात, त्यांना दाखवून घ्या.

बाईंनी पाय हातात घेतला.

"वीट कोणी ठेवली?"

"मी."

"किती वेळ?"

"भाकऱ्या होईपर्यंत."

"ह्या पायाला गरम काय ते कळतच नाही. तुम्ही भाजलात त्यांना, काकू."

एवढंच. पुढे 'असू दे', 'तुम्हाला काय माहीत' असलं काही नाही. मला ती बाई तिथेच आवडली. चूक केली ती केली, तिच्यावर पांघरूण कशाला?

मग त्यांनी पिशवीतून एक यंत्र काढलं. पेन्सिलीएवढी दांडी, तिला वायर, वायरीला छोटी पेटी. आधी माझ्या पायावर कसलासा गार लगदा लावून ती दांडी टेकवली. पेटीतून सप् सप् सप् आवाज आला, पाटातून पाणी धक्के देत जावं तसा. मग ह्यांच्या डाव्या पायावर टेकवली. पेटी गप्प. दांडी इकडेतिकडे सरकवली तेव्हा कुठे हलकासा वारा वाहिल्यासारखं झालं.

"ऐकलंत? रस्ता बंद आहे. मांडीत," बाई म्हणाल्या. "पूर्वी अशा पायाला कापणं किंवा मोठं ऑपरेशन, एवढंच होतं. आता जांघेतून बारीक तार आत घालतात, तारेवरून फुगा नेतात, तो फुगवून नळी आतून उघडतात. उघडेल असं मला वाटतं. पण किती दिवस उघडी राहील ते मला माहीत नाही. तेच तर मी शोधतेय."

हे म्हणाले, "बाई, माहीत नाही म्हणता आणि पाय मागता?"

"हो," बाई म्हणाल्या. "आणि बिडी ओढायची असेल तर आत्ताच सांगा. माझा रविवार फुकट घालवू नका."

बिडी त्या दिवशी सुटली. मी तीस वर्षं सांगत होते, तेव्हा सुटली नव्हती. मुंबईला नेऊन फुगा घातला. करंगळी गेली, पाय राहिला.

त्यानंतर बाई दर दीड-दोन महिन्यांनी रविवारी स्कूटरवरून घरी येऊ लागल्या. आमच्याकडेच नव्हे. गिरीजमध्ये आणि आसपास त्यांनी फुगा घातलेली बरीच माणसं होती, त्या सगळ्यांकडे. प्रत्येकाचं एक पान त्यांच्या वहीत. पाय गार पडतो का, दुखतो का, न थांबता किती चालता. बाकीचे डॉक्टर रोग्याला बोलावून घेतात. ह्या म्हणत, "इस्पितळात माणूस टापटीप होऊन येतो. मला घरचा पाय बघायचा आहे."

पहिल्याच वेळी त्यांनी ह्यांना विचारलं, "ऑपरेशनच्या आधी किती चालत होतात?"

"चालायचो की बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी म्हणजे?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "पाच माड."

आमच्या वाडीत ओट्यापासून मागच्या बावखलापर्यंत, म्हणजे आमच्या पाण्याच्या तळ्यापर्यंत, एका रांगेत बावीस माड. माझ्या सासऱ्यांनी दोरी धरून लावलेले. माडांच्या मधे केळी. वाडी शिंपायला ह्यांना त्याच वाटेने जावं लागे, आणि पाचव्या माडापाशी हात टेकून उभे राहत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघत होते. बाई हसल्या नाहीत. पिशवीतून टेप काढली, एक टोक मला धरायला दिलं आणि साडी खोचून पहिल्या माडापासून बाविसाव्यापर्यंत मोजत गेल्या. आल्या त्या चिखलाने भरलेल्या. म्हणाल्या, "तुमचे सासरे सरळ मनाचे दिसतात. एकही माड रांगेबाहेर नाही. ह्यापुढे मला माडातच सांगा."

फुग्यानंतर हे बावीस माड जात आणि बावीस येत, मधे न थांबता. वहीत बाईंनी तसं लिहिलं. मुंबईच्या त्या वहीत आमच्या वाडीचे माड गेले ह्याचं ह्यांना इतकं कौतुक, की नारळ उतरवायला येणाऱ्यालाही ते सांगत.

वर्ष झालं असेल. एका रविवारी बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात डॉक्टरांची मोठी सभा आहे. त्यात त्यांना उभं राहून वाचायचंय, की इतक्या पायांना फुगा घातला, त्यातले इतके एका वर्षानंतरही चांगले चालतात. वहीतले जवळपास सगळेच चांगले चालत होते. बाई खुशीत होत्या. त्यांना तसं मी कधी बघितलं नव्हतं. सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी दिली ती त्यांनी ओट्यावरच उघडून खाल्ली.

"मग, बावीस ना?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"बावीस, बाई. पळत जातो म्हणा ना."

त्याच आठवड्यात मी केळीचं पान कापायला वाडीत गेले. आमच्या केळींना सुकी पानं लोंबत होती, साफसफाईला अजून वेळ होता. पण आठव्या माडापाशी दोन केळी अगदी लख्ख, जशी दाढी केलेली. एकही सुकं पान नाही. पुढे पुन्हा लोंबणारी पानं, आणि सोळाव्या माडापाशी पुन्हा दोन केळी लख्ख. मी तिथेच उभी राहिले. मला सगळं कळलं. खिडकीतून मला वाटायचं, हे वाडीत काम करताहेत.

हे घरी आल्यावर विचारलं, "आठव्या माडाखालच्या केळींनी असं काय पुण्य केलंय, की रोज त्यांचीच सेवा?"

"तू गप्प बस."

"पोटरी धरते ना?"

"थोडी. बाईंना बोलू नकोस. एवढी ती मोठ्या सभेत उभी राहणार. आपल्या पायापायी तिची फजिती? दारात आलेल्या माणसाला वाईट सांगून परत पाठवायचं?"

आमच्या लोकांची ही जुनी सवय. कोणी आपलं बरं करायला आला की बरं वाटलंच पाहिजे. नाही वाटलं तर ती आपली लाज. जेवण खारट झालं तरी पाहुणा 'छान' म्हणतो, तसा हा पाय.

पुढचा रविवार आला. सभेआधी राहिलेली पानं भरायला बाई ह्या वेळी आठवड्यातच पुन्हा आल्या. ह्यांनी माझ्याकडे डोळे वटारून ठेवले होते. बाई पायऱ्या चढल्या आणि मी म्हटलं, "बावीस नाही. आठ. खोटं सांगतात."

हे उठून आत गेले. बाई उभ्याच. मी त्यांना वाडीत नेलं आणि त्या चार केळी दाखवल्या. बाईंनी माडाला पाठ टेकली. मग ह्यांना बाहेर बोलावून पायावर दांडी टेकवली. पेटीतून तो वाराच आला.

"दामूकाका, अजून महिनाभर गप्प राहिला असतात तर पाय गेला असता."

"तुमची सभा होती ना, बाई."

बाईंनी वही मिटली.  मग मला विचारलं, "काकू, बाकीचे?"

"बाकीचे काय स्वर्गातून आलेत? तेही इथलेच. गावात तुम्हाला खरं सांगणारी उद्धट बाई मी एकटीच."

त्यांचा चेहरा उतरला. वर्षाचं काम होतं ते. पण त्या माझ्यावर चिडल्या नाहीत, ह्यांच्यावरही नाही. म्हणाल्या, "मी विचारत राहिले. बघितलं नाही. चूक माझी." आणि लगेच, "तुम्हाला वेळ आहे?"

पुढचे तीन रविवार मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून फिरले. प्रत्येकाला चालायला लावायचं, आम्ही मागून. मी थांबे मोजायचे, त्या टेप धरायच्या. मिठागरातला जन्या म्हणून एक होता. तो म्हणाला, "कोन बोलला थांबतो? मी पानी आनायला रोज लांब जातो, बाय."

"चल मग," मी म्हटलं.

तिसऱ्या विजेच्या खांबापाशी त्याने बांधावर बैठक मारली आणि आकाशाकडे बघत म्हणाला, "ह्ये काय थांबनं नाय. ह्ये मी पाखरं बगतो."

"रोज इथेच बघतोस?" बाईंनी विचारलं.

"हां. हितंच लय येतात."

बाई हसल्या आणि टेप लावून अंतर लिहून घेतलं. कोणी चपलेचा अंगठा नीट करत थांबे, कोणी क्रूसापाशी हात जोडायला थांबे, एकीने तर वाटेत तीनदा पदर सावरला. चांगल्या पायांची संख्या बरीच खाली आली. ज्यांच्या नळ्या पुन्हा बुजत होत्या त्यांना बाईंनी एकेक करून मुंबईला नेलं. आमचे हे त्यात पहिले. दुसऱ्यांदा फुगा घातला. पाय राहिला.

सभेच्या आधी त्यांच्या वरच्या डॉक्टरांनी म्हणे सांगितलं, की जुने आकडे वाच, रोगी जे बोलले तेच तर लिहिलंय, खोटं कुठे आहे. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मग?"

"मग काय, काकू? मी नवे वाचले. जुने का खोटे निघाले तेही वाचलं. तुमच्या चार केळी वाचल्या."

"हसले असतील."

"हसले. मग एक म्हातारे डॉक्टर उठले आणि म्हणाले, घरी जाऊन मला माझ्या सगळ्या रोग्यांच्या मागे चालावं लागणार."

मला आयुष्यात कोणी बक्षीस दिलेलं नाही आणि मी मागितलेलंही नाही. पण त्या दिवशी मी बाईंना पोटभर जेवू घातलं, आणि जावेला बोलावून तेच सगळं पुन्हा सांगायला लावलं.

'विचारू नका, बघा' हे तेव्हापासून बाईंचं ब्रीदच झालं. त्यांच्या हाताखालचे नवे डॉक्टर कधी बरोबर येत. रोग्याच्या पायाचं कोणी काही बोलू लागला, की बाई विचारत, "बघितलंस?" तो 'नाही' म्हणाला, की वाटेकडे बोट. मलाही त्यांनी पायाची नाडी चाचपायला शिकवलं. बोटं कुठे ठेवायची, किती हलकी ठेवायची. आळीतल्या साखरवाल्यांचे पाय मी बघू लागले. तापलेल्या विटा मी किती घरांतून बाहेर फेकल्या ते विचारू नका. लोकांना राग येई. येवो.

हे त्यानंतर सहा वर्षं वाडीत राबले. एका सकाळी पाट मोकळा करायला बावखलावर गेले आणि तिथेच काठावर बसल्यासारखे पडले. हृदय बंद पडलं. पायाचा त्यात काही दोष नव्हता.

बाईंना निरोप गेला. त्या आल्या. ओटा माणसांनी भरलेला. बाईंनी सवयीप्रमाणे खालीच बघितलं. दोन्ही अंगठे एकमेकांना दोऱ्याने बांधलेले होते. त्यांनी डाव्या पायावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, मग तोंड बघितलं.

"कुठे सापडले?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"बावखलावर."

"म्हणजे बावीस."

"बावीस. आणि न थांबता. मी बघून आले."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पायऱ्या उतरून त्या वाडीत गेल्या. मी ओट्यावरून बघत होते. पहिल्या माडापासून निघाल्या. प्रत्येक माडापाशी थांबत, दोन्हीकडच्या केळी बघत, पुढे जात. आठव्यापाशी जरा जास्त थांबल्या. सोळाव्यापाशी वाकल्या. सगळीकडे सुकी पानं लोंबत होती, एकाही केळीला हात लागलेला नव्हता. बाविसाव्या माडाला हात लावून त्या परत आल्या, पाय धुतले आणि पिशवीतून ती वही काढून उभ्या उभ्या लिहिलं.

जाऊ म्हणाली, "बघ, अशा वेळीसुद्धा तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही तिने."

नाही ठेवला. म्हणून तर मी तिला आमच्या घरात येऊ दिलं होतं.