छातीवरची मशीन आणि बाबांची डायरी

होल्टरच्या खोलीत दहा वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. अकोल्यातल्या आमच्या दवाखान्यात मी पेशंटच्या छातीवर तारा चिकटवते, चोवीस तास ठोके नोंदणारी छोटी मशीन, म्हणजे होल्टर, कमरेला बांधते आणि एक डायरी देते. किती वाजता काय केलं, ते लिहायचं. लोक तिच्यात बिनधास्त खोटं लिहितात.

*

जुन्या शहरातल्या एका आजीचा रिपोर्ट पाहून डॉक्टर चक्रावले. मधला अर्धा तास चक्क दुसऱ्याच माणसाचा! आजी शांतपणे म्हणाल्या, "आंघोळीले गेली होती न मी. मशीन रिकामी काहून ठेवायची? तेवढा वेळ बुढ्याले लावून देली."

*

एका वकिलांनी लिहिलं होतं, 'सकाळी अकरा, कोर्टात, एकदम शांत.' तेव्हाचे ठोके एकशे तीस. डॉक्टर म्हणाले, "हृदयाला दोन तऱ्हेच्या नसा असतात. एक पळवते, दुसरी आवरते. आपल्याला कोणीच विचारत नाही."

"म्हणजे घरच्यासारखंच," वकीलसाहेब म्हणाले.

*

बाबांचा किस्सा मात्र मी आजवर कुणाला सांगितला नाही.

मी माझ्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून सहा वर्षं बाबा माझ्याशी बोलले नाहीत. वरूडहून दादाचा फोन यायचा, तेव्हा मागून बाबांचा खोकला ऐकू यायचा. मी तेवढाच कान देऊन ऐकायची.

यंदा त्यांना चक्कर येऊ लागली. अकोल्याला यायला तयार नाहीत. मग दादा मशीन घेऊन गेला, मी व्हिडिओ कॉलवर तारा लावायला शिकवल्या. दुसऱ्या दिवशी तोच परत आणणार होता. मी म्हटलं, "राहू दे, काढायले मीच येते." बाबांना मी अजून हवी आहे का, एवढंच मला बघायचं होतं.

चारला पोचले. बाबा खुर्चीत, नजर टीव्हीवर. स्टिकर ओढताना छातीचे पांढरे केस निघाले, तरी हूं नाही की चूं नाही. "झालं का?" म्हणाले, तेही दादाला. बसमध्ये मी रडत आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला. हे माझे वडील, हे त्यांना माहीत नव्हतं.

"दिवसभर साठच्या आत. चारला एकदम एकशे अठरा? डायरीत तर लिहिलंय, 'टीव्ही पाहिला.' जिना चढले का हे?"

"नाही सर," मी म्हटलं. "तेव्हा मी फाटकाची कडी काढली."