बाईंची काळी चार

आमच्या यजमानांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात गेली, कंट्रोल रूममध्ये. विजेची फ्रिक्वेन्सी पन्नासवर पाहिजे; जरा खाली घसरली की हे खुर्चीतून उठलेच. निवृत्त होऊन नाशिक रोडला फ्लॅट घेतला तरी ते खूळ काही गेलं नाही. त्यात यांचे एक दोस्त, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आणि रेकॉर्डींचे भयंकर शौकीन. ते संध्याकाळी चहाला यायचे आणि रेकॉर्ड प्लेयरला स्पीड कंट्रोलर लावा म्हणून मागे लागायचे. आवाज काय खुलतो म्हणे, एकदम लय भारी. यांचं उत्तर ठरलेलं: मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते, वीज पन्नासवर आहे, मग मध्ये हा डबा कशाला? वाद रंगला की दुसरा चहा व्हायचा, आणि तो अर्थातच मी करायची.

मला त्या वादात काडीचा रस नव्हता. माझं दुखणं वेगळंच होतं.

मी घरी मुलींना गाणं शिकवते. ज्या बाईंकडे मी शिकले, त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, ती माझ्याकडे आहे. बाई जाऊन बरीच वर्षं झाली. सकाळी ती रेकॉर्ड लावायची, बाईंच्या ‘सा’ला तानपुरा जुळवायचा आणि मग शिकवणीला बसायचं, हा माझा नेम. बाईंचा ‘सा’ काळी चारचा, म्हणजे पेटीतल्या चौथ्या काळ्या पट्टीचा. त्यात कधी फरक पडला नाही.

यंदा पावसाळ्यात मात्र तानपुरा जुळवून पेटी उघडली, तर दोघांचं जमेना. पेटी किंचित उतरलेली. दुरुस्तीवाल्याकडे नेली, तर तो म्हणाला, पेटी ठणठणीत आहे. फोनमधला तानपुरा लावून पाहिला, तोही मेला पेटीच्याच बाजूने बोलायला लागला.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, रेकॉर्डच चढी वाजतेय. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. बाई चुकीच्या सुरात? छे! एका ‘सा’साठी ज्यांनी मला रडेपर्यंत बसवून ठेवलं, त्या बाई? मग उरलं कोण, तर मी. तानपुरा जुळवण्यातच चूक होतेय, माझा कान गेला, असं मी ठरवून टाकलं. तरी रोज रेकॉर्डलाच तानपुरा जुळवत राहिले आणि मुलींना त्या चढ्या सुरात ताणत राहिले. एक पोर वरचा ‘सा’ लावताना खोकायला लागली, तेव्हा मला फार वाईट वाटलं. ज्याला सूर ऐकू येत नाही त्याने दुसऱ्याच्या गळ्याशी खेळू नये. दिवाळीनंतर क्लास बंद करते, असं मी यांना सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटत बसले. पोळ्या काही गोल होत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर काय, यांनी दोस्ताकडून तोच डबा मागून आणलेला! कान मोजायचं यंत्र नाही, निदान रेकॉर्ड तरी मोजू, म्हणाले. डब्यावर मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी खाली-वर करता येते, तसा तबकडीचा वेग बदलतो. सोबत एक गोल कागद होता, त्यावर काळ्या रेघा. तो फिरत्या तबकडीवर ठेवून ट्यूबलाइटखाली बघायचं. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. आमच्या रेघा भराभर पुढे पळत होत्या.

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वीज तर पन्नासवरच होती. मग आठवलं, उन्हाळ्यात प्लेयरचा पट्टा तुटला होता आणि यांनी नाशिकच्याच द्वारका चौकातल्या एका दुकानातून दुसरा आणून बसवला होता. तो जरा जाड होता. तेवढ्याने तबकडी जोरात फिरत होती.

मला वाटलं, आता रेघा बघत वेग लावतील आणि मोकळे होतील. पण यांनी कागद काढून रेकॉर्ड लावली, पेटी बंद केली, फोन खिशात घातला आणि डब्याचे आकडे माझ्याकडून पलीकडे वळवले.

“मी वेग कमी करत जातो. तुझ्या बाई आल्या की सांग.”

मी डोळे मिटले. सूर हळूहळू उतरत गेला, आवाजातली घाई कमी झाली, आणि एके ठिकाणी बाई आल्या. अगदी समोर येऊन बसल्या.

“थांबा,” मी म्हणाले.

यांनी रेकॉर्ड काढून कागद ठेवला. रेघा थांबलेल्या होत्या.

मी पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडून घेतलं. हे डब्याकडे बघत बसले होते. जन्मभर पन्नासच्या खाली आकडा गेला की कासावीस होणारा हा माणूस, आणि आज स्वतःच्या हाताने तो एकोणपन्नासवर आणून बसला होता.

संध्याकाळी दोस्त आले. आवाज खुलला की नाही, म्हणून विचारायला लागले. खरं सांगायचं तर खुलला-बिलला काही नाही. खरखर होती तेवढीच आहे आणि तबलाही होता तसाच वाजतो. पण मी त्यांना सांगितलं, हा डबा काही परत मिळायचा नाही, तुम्ही दुसरा घ्या. ते खूश होऊन यांच्याशी नव्याने वाद घालायला बसले. यांनी नवा, बारीक पट्टा आणायचं कबूल केलंय, अजून आणलेला नाही.

मी दुसरा चहा टाकला आणि उकळेपर्यंत त्या खोकणाऱ्या पोरीच्या आईला फोन केला. उद्या तिला पाठवा म्हटलं, सूर खाली आणलाय.