तिसऱ्या अंकातला प्रॉम्प्टर

तुमच्या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचतो आणि खरं सांगायचं तर वाचून हसतो. मी शाळेत शास्त्र आणि गणित शिकवतो. पिंपळावरचा मुंजा, विहिरीतून येणारी हाक... असलं काही पोरांनी वर्गात काढलं की मी आधी विचारतो, "पाहणारा किती जागरणं करून आला होता?" त्यामुळे हे पत्र माझ्या हातून लिहिलं जातंय याचं मलाच नवल वाटतंय. छापायचं तर छापा, नाहीतर फाडून टाका.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आमच्या नंदुरबारला वाचनालयाच्या मागे पत्र्याच्या छपराचा एक हॉल आहे. दोनशे माणसं कशीबशी मावतात. स्टेज म्हणजे कमरेएवढा ओटा, दोन्ही बाजूंना लाकडी चौकटींवर कापड ताणून केलेल्या विंगा, आणि मागे एक दार... ते थेट चिंचेखाली उघडतं.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला माझा मित्र शशिकांत याला नाटकाचं वेड. त्यानं एक रहस्यनाटक लिहिलं. तीन अंक, पात्रं दोनच. एक डॉक्टर आणि त्याची बायको. डॉक्टर बायकोला टॉनिक म्हणून रोज थोडं थोडं विष देतोय, आणि तिला हळूहळू ते कळत जातं. शेवटी तो तपकिरी बाटलीतून पेला भरून तिच्यापुढे धरतो. ती सगळं समजून-उमजून तो पेला पिते... पडदा. नाटकाचं नाव सांगत नाही, शशिकांतला आवडणार नाही.

डॉक्टर तो स्वतःच होणार होता. बायकोचं काम तोवर आमच्याकडे मिशी काढलेले पुरुषच करत. शशिकांत मात्र हटून बसला, बाईचं काम बाईच करील. आणि बाई मिळालीसुद्धा! मुलींच्या शाळेतली सुमन, बावीस वर्षांची, रनाळ्याची. आवाज असा की शेवटच्या रांगेतला म्हाताराही मान वर करील. तिचे वडील दगाआप्पा, कापूस पिकवणारे, करारी गृहस्थ. ते तालमीला आले, शशिकांतला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले,

"एकच खेल. दुसरा नही. मी पहिली रांगमा बससू. काई वंगाळ दिसनं ते पोरले उठाडीसन घर लई जासू."

सुमन खाली मान घालून उभी होती, पण डोळे असे चमकत होते की मला हसू आलं.

मी प्रॉम्प्टर. म्हणजे नाटकाची वही घेऊन विंगेत उभं राहायचं आणि कोणी अडखळलं की पुढचं वाक्य हळूच सांगायचं. शशिकांतनं सुमनला पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "विंगेतून जे येईल ते करायचं. विचार करायचा नाही. विचार केलास की मेलीस." तिनं ते अगदी मनावर घेतलं. खेळाच्या आदल्या दिवशी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मास्तर, तुम्ही तिथे उभे आहात एवढं मला दिसत राहू द्या. मग मी नाही घाबरणार."

मी म्हटलं, "मी कुठे जातोय?"

खेळ रविवारी दुपारी चारचा ठेवला होता, म्हणजे खेड्यांतून आलेल्या बायामाणसांना दिवेलागणीच्या आत परतता येईल. बारा वाजता तालमीतली तपकिरी बाटली शशिकांतच्या हातून फुटली. सगळे घायकुतीला आलेले. मी म्हटलं, मी आणतो. मी एका गुजर शेतकऱ्याच्या घरात भाड्यानं राहत होतो. त्यांच्या गोठ्यातल्या फळीवर तशीच एक बाटली सापडली, लेबल गेलेली. नळाखाली एकदा खळखळवली, गुळाचं पाणी भरलं, बूच लावलं. हाताला जरा तेलकट वास आला, नाही असं नाही. पण विंगांना आदल्या दिवशीच ऑइलपेंट मारला होता आणि सकाळपासून आम्ही टर्पेंटाइनमध्येच नाक बुडवून बसलो होतो. मी हात धोतराला पुसला आणि विसरलो.

पहिले दोन अंक असे झाले की काय सांगू! माणसं श्वास धरून बसली होती. सुमन एकदाही अडखळली नाही. बोलता बोलता विंगेकडे नजर टाकायची, मी दिसलो की पुढे चालू. आता माझ्यातला कमीपणा कबूल करतो. मला जरा लागलं. महिनाभर वही घेऊन उभा राहिलो आणि आज आपली कोणाला गरजच नाही! तिसरा अंक अर्ध्यावर आला तेव्हा मी वही बगलेत मारली, मागचं दार हळूच उघडलं आणि चिंचेखाली जाऊन विडी पेटवली.

कोणी काही म्हणो, मी बाहेर होतो. ऊन कलतं होतं, समोर एक बैलगाडी सोडलेली होती, तिच्या जुवावर बसून मी अख्खी विडी ओढली. आतून शशिकांतचा आवाज येत होता. मग एकदम शांतता. मग बायांच्या रांगेतून "अगं बाई!" असं काहीसं... आणि टाळ्या. मी चमकलो. टाळ्यांना अजून वेळ होता. वहीत निदान पान-दीड पान बाकी होतं.

धावत आत आलो तर पडदा पडलेला. दोघं स्टेजवरच उभी, माझ्याकडे पाहत. पेला टेबलावर, काठोकाठ भरलेला. मला वाटलं, झालं! अडली असणार, मी जागेवर नव्हतो, आता खरडपट्टी. तेवढ्यात शशिकांत म्हणाला,

"काय हो मास्तर, शेवट बदलायचा होता तर आधी सांगायचं ना! पण झाला फक्कड!"

मी म्हटलं, "काय बदललं?"

"वेड पांघरू नका. तुम्हीच म्हणालात की, 'पेला खाली ठेव, पिऊ नकोस.'"

सुमन म्हणाली, "मी पेला ओठांना लावतच होते. म्हटलं आता पुढे काय बोलू? तुम्ही काही सांगेनात. मग मीच म्हणाले, 'आधी तुम्ही प्या.'"

"आणि मी उचलला," शशिकांत म्हणाला, "तर तुम्ही विंगेतून मान हलवताय, नको म्हणून. मग काय करणार! ठेवला आणि खुर्चीत बसलो तोंड झाकून. पडदेवाल्याला वाटलं, संपलं."

मी तोंड उघडलं. मी बाहेर होतो, एवढंच सांगायचं होतं. पण तेवढ्यात पडदा बाजूला सारून दगाआप्पा वर आले. पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि काय बोलावं हे न सुचल्यामुळे टेबलावरची बाटली उचलून पाहू लागले. बूच काढलं. नाकाशी नेली. कापूसवाल्याला तो वास शिकवावा लागत नाही.

"हाई एंड्रीननी बाटली शे," ते म्हणाले. "आठे कोनी आनी?"

एंड्रीन म्हणजे कापसावर फवारायचं विष. "मी आणली," मी म्हटलं. शप्पथ सांगतो, एवढं मी लपवलं नाही.

आणि इथेच सगळं उलटं झालं. शशिकांत कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हणजे तुम्हाला ऐन वेळी आठवलं! म्हणून ओरडलात!" सुमन रडायलाच लागली. आप्पांनी माझे दोन्ही हात धरले.

"मास्तर, तुम्हना आवाज माले बी ऐकू उना. मन्ही पोर तुम्ही वाचाडी."

तिघं माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होते की... नाही सांगता आलं मला. भ्यालो, आणि थोडं बरंही वाटलं. दोन्ही खरं.

पेला मी मागच्या दारानं चिंचेखाली ओतला. सकाळी पुन्हा गेलो. गुळाच्या वासानं मुंगळे आले होते. ओल होती तेवढ्या जागेत सगळे मरून पडले होते, एकही पुढे गेला नव्हता. ओळखीच्या कंपाउंडरला विचारलं, पेलाभर पोटात गेलं असतं तर? तो म्हणाला, "बाटलीत किती उरलं होतं त्यावर आहे. पण मी माझ्या बहिणीला दिलं नसतं."

पुढच्या श्रावणात सुमन माझ्या दारात राखी घेऊन उभी राहिली. मला सख्खी बहीण नाही. आई लहानपणीच गेली, घरात आम्ही बाप-लेकच. पंचविशी उलटल्यावर पहिल्यांदा कोणीतरी माझं मनगट हातात धरून राखी बांधली आणि 'भाऊ' म्हणालं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग तिचं लग्न होऊन ती नवापूरला गेली, तिथून पाकिटानं राखी येऊ लागली. दर वर्षी मी ठरवायचो, यंदा पत्र लिहायचं. आणि दर वर्षी राखी बांधून शाळेत जायचो, पोरांना दिसेल असा हात हलवत फळ्यावर लिहायचो.

मधल्या काळात मी माझ्यापरीनं शास्त्र लावून पाहिलं. दोघं थकलेली, घाबरलेली, विंगेत अंधार, तिला मी दिसायला हवा होतो म्हणून दिसलो असेन. ठीक. पण शशिकांतलाही? आणि तेच शब्द? पहिल्या रांगेतल्या आप्पांनाही? बाटलीत काय आहे हे तर माझ्यासकट हॉलमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या कोणी सांगितलं म्हणावं, तर मी शशिकांतला आडून आडून तीनदा विचारलं. तो दरवेळी म्हणाला, "तुम्हीच होतात. हातात उघडी धरली होती वही." वही एकच होती, आणि ती माझ्याबरोबर चिंचेखाली होती.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सुमन माहेरी रनाळ्याला आली होती. एक दिवस माझ्याकडे आली, चार वर्षांच्या लेकीला घेऊन. पोर माझ्या खुर्चीमागे लपत होती. सुमन तिला पुढे ओढून म्हणाली, "पाया पड. हा मामा नसता तर तुझी आई नसती, आणि तूही नसतीस."

पोर वाकली. तिचे इवलेसे हात पायाला लागले आणि मला ते सोसेना. मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. विडी, चिंच, बैलगाडी, बगलेतली वही. मी विंगेत नव्हतो, मी एक शब्द बोललो नाही. विष मी आणलं आणि तुला एकटीला टाकून मी विडी ओढायला गेलो.

सुमननं लेकीला जवळ ओढलं. शाळेत शुद्ध बोलणारी ती, पण तेव्हा तोंडातून घरचीच भाषा आली.

"मंग इतला वरीस मी राखी कोनले बांधी, भाऊ?"

चहा तसाच ठेवून ती लेकीला कडेवर घेऊन गेली. मला वाटलं, गेली ती बहीण. जी मुळात माझी नव्हतीच.

श्रावण लागला तसा मी पोस्टमनची वाट पाहणं सोडून दिलं. म्हणजे सोडून दिलं असं स्वतःला सांगत होतो. शाळा सुटल्यावर रोज पोस्टावरूनच घरी यायचो. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नवापूरचा शिक्का असलेलं पाकीट आलं. घरी येऊन उघडलं.

आत चिठ्ठी होती. "भाऊ, तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. आप्पांना सांगू नका. राखी बांधून घ्या." एवढंच.

आणि दोन राख्या होत्या. एकीला कागदाचा तुकडा टाचला होता, त्यावर माझं नाव. दुसरीला तसाच कोरा तुकडा.

माझी मी बांधली. दुसरी हातात घेऊन बसलो. ती कोणाच्या मनगटाची आहे, हे मला अजूनही माहीत नाही.