काचेवर सरळ दिसलेला सरडा

भुताखेताच्या गप्पा रंगल्या की मी उठून पान खायला जाणारा माणूस. बेळगावात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. काचेवर उमटेल तेवढंच खरं, हा माझा धर्म. तरी हे लिहितोय, कारण हे घडलं तेच मुळी काचेवर...

लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, मार्गशीर्षात, आम्ही सौ.च्या माहेरी कणकुंबीला गेलो होतो. आमची कुसुम तेव्हा तान्ही. तिच्या आधीची दोन मुलं राहिली नव्हती, म्हणून तिला माहेरच्या देवीच्या पायांवर घालायचं होतं. दर्शन झालं आणि मेहुणा म्हणाला, "दाजी, आमच्या रानात उडणारा सरडा हाय. फोटो काढणार काय?"

"नुसता उडतोय व्हय? गात न्हाई?" मी म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा बैलगाडीत घालून निघालोच. सौ.ही कुसुमला घेऊन आली. रानात पोचल्यावर मेहुणा बैलांना ओढ्यावर घेऊन गेला.

सरडा खरंच होता. रंग झाडाच्या सालीचा, गळ्याखाली पिवळी पट्टी, तोंड वर आभाळाकडे. हातभर अंतरावर कॅमेरा मांडला तरी हलेना. पलीकडच्या झाडाखाली घोंगडं टाकून सौ. कुसुमला मांडीवर घेऊन बसली होती. मी काळ्या फडक्यात डोकं घातलं.

आमच्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं खाली डोकं वर पाय दिसतं. नवरानवरी, मामलेदार, वकील — सगळ्यांना मी आधी उलटंच पाहिलंय. त्या दिवशीही खोड उलटं, शेवाळ उलटं, आभाळ खाली... सरडा तेवढा सरळ. तोंड वर.

फिरला असेल म्हणून फडक्याबाहेर आलो. झाडावरही तोंड वरच. पुन्हा आत गेलो, काचेवरही वरच. भीती नाही वाटली, खरं सांगायचं तर राग आला.

"अगं, जरा इकडं ये."

"आत्ता कुठं डोळा लागलाय पोरीचा. उठली की रडत बसंल."

"तिला घेऊनच ये. मला एकट्यालाच हे दिसतंय का बघ."

कुरकुरत आली. स्टुडिओत मला हाताशी असायची, त्यामुळे काच कशी बघायची ते तिला ठाऊक. कुसुमला खांद्यावर टाकून तिनं फडक्यात डोकं घातलं.

"अवं," ती आतूनच म्हणाली, "ह्यो सरळ कसा?"

तेवढ्यात मागे कडाडलं. वाऱ्याचं नाव नव्हतं, आणि तिच्या बसल्या जागेवर, त्या घोंगड्यावर, मांडीपेक्षा जाड फांदी आडवी पडली होती. शेजारचा पितळी तांब्या पार चेपला होता. कुसुम दचकून रडायला लागली. पोराच्या रडण्यानं एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

सरडा जागचा हलला नव्हता. कुसुमला थोपटत सौ. म्हणाली, "आधी त्येचा फोटो काढा." कॅमेऱ्यात फोटोची काचेची प्लेट घालताना मी झाडावर नीट पाहून घेतलं — तोंड वर. फोटो झाला, तसं त्यानं दोन्ही कुशींचे पडदे पसरले आणि तरंगत पलीकडच्या झाडावर निघून गेला.

फांदी आतून पोखरलेली होती, मेहुण्यानं परत आल्यावर दाखवली. ते पटलं. पण घरी प्लेट धुतली तर झाड सरळ आणि सरडा उलटा, तोंड जमिनीकडे. फोटो बघणारे म्हणतात, छान आलाय, खाली उतरताना गाठलात वाटतं. सरडे तसेही बसतातच, त्यामुळे वाद घालायला माझ्याकडे काही नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो.

लेन्स उघडून तपासली, जाणत्यांना विचारलं... उत्तर मिळालं नाही. दिवेलागणीला सौ. देवाला हात जोडते, मग त्या फोटोला. हल्ली मीही तिच्या मागे उभा राहून जोडतो.

"आप्पा, सरड्याच्या पाया का पडायचं?" कुसुम विचारते. तिला काय सांगावं ते आमचं अजून ठरलेलं नाही. विचारायला ती आहे, एवढं मला पुरतं.